खेळामागचे शास्त्र (लेखांक ११) : गोल्फमधला एक फटका

व्यावसायिक गोल्फची मोठी स्पर्धा सहसा चार दिवस चालते. गुरुवारी सुरू होऊन रविवारी संपते. भारतातल्या बऱ्याच स्पर्धा मात्र मंगळवार ते शुक्रवार अशा होतात. रोज १८ होल, चार दिवसांत ७२. या ७२ होलमध्ये ज्याला सर्वांत कमी फटके लागतात तो विजेता. प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटक्यांचा आकडा आधीच ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. टेनिससारखा समोर प्रतिस्पर्धी नसतो आणि क्रिकेटसारखा चेंडू अडवणाराही कोणी नसतो. शंभर-सव्वाशे खेळाडू त्याच मैदानाशी वेगवेगळे झगडत असतात आणि शेवटी आकडे शेजारी शेजारी मांडले जातात.

हे आकडे किती जवळ येतात याचे एक चांगले उदाहरण पुण्यात जन्मलेल्या अनिर्बन लाहिरीचे आहे. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात प्लेयर्स चॅम्पियनशिप झाली. पावसाने खेळ लांबला आणि स्पर्धा सोमवारी संपली. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथने २७५ फटक्यांत ७२ होल पूर्ण केले, लाहिरीने २७६ फटक्यांत. स्मिथला ३६ लाख डॉलर मिळाले, लाहिरीला २१ लाख ८० हजार. ७२ होलमधल्या एका फटक्याची किंमत १४ लाख २० हजार डॉलर निघाली. भारतात गोल्फचे वेड या दुसऱ्या क्रमांकाने वाढले, असे म्हणायचा मोह होतो. पण गोल्फ घरोघर पोहोचवले ते त्याआधीच, २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, अदिती अशोकने. ती चौथी आली आणि तिचे कांस्यपदक हुकले तेही एकाच फटक्याने.

सगळे खेळाडू चारही दिवस खेळत नाहीत. दोन दिवसांनंतर, म्हणजे ३६ होलनंतर, यादीवर एक रेघ मारली जाते. तिला कट म्हणतात. अमेरिकेच्या पीजीए टूरवर बहुतेक स्पर्धांत पहिले ६५ आणि त्या गुणसंख्येवर बरोबरीत असलेले खेळाडू पुढे जातात. भारताच्या पीजीटीआय मालिकेत सहसा पहिले ५० आणि बरोबरीचे. कट हुकलेल्याला बक्षिसाची रक्कम मिळत नाही. प्रवास, हॉटेल आणि कॅडीचा खर्च मात्र झालेलाच असतो. पीजीटीआयवर एकूण एक कोटी रुपयांची स्पर्धा असली तर विजेत्याला साधारण १५ लाख मिळतात आणि खाली उतरत जाताना रक्कम झपाट्याने आटते. त्यामुळे नवख्या व्यावसायिकाचे खरे युद्ध जेतेपदासाठी नसते, कटच्या रेघेसाठी असते. बातम्यांत हे क्वचितच येते.

पीजीटीआय ही भारतातल्या पुरुष व्यावसायिकांची मालिका २००६ मध्ये सुरू झाली. तिच्यात शिरायचे तर क्वालिफाइंग स्कूल नावाच्या निवड-स्पर्धेतून जावे लागते. तिथे मोजक्यांना वर्षभराचे कार्ड मिळते. वर्षअखेरीच्या कमाईच्या यादीत वरच्या क्रमांकांवर राहिले तर ते टिकते, नाहीतर पुन्हा निवड-स्पर्धा. यादीत पहिला येणाऱ्याला आता युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरचे दार उघडते: मध्य प्रदेशातल्या महूचा ओमप्रकाश चौहान २०२३ च्या हंगामानंतर याच वाटेने गेला. महाराष्ट्रातून या वर्तुळात ओळखले गेलेले एक नाव उदयन माने याचे. टोकियो ऑलिंपिकमधून अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि पात्रता यादीत पुढचा असल्याने मानेला जागा मिळाली.

नियमांतला एक भाग बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतो. खेळाडूचे गुण पंच मोजत नाही, सोबत खेळणारा प्रतिस्पर्धी लिहितो आणि खेळाडू तपासून सही करतो. प्रत्यक्षापेक्षा कमी आकड्यावर सही झाली तर सहसा बाद ठरवले जाते. जास्त आकड्यावर झाली तर तो जास्त आकडाच कायम होतो. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे व्हिसेन्सोने सतराव्या होलवर तीन फटके घेतले होते, कार्डावर चार लिहिले गेले, आणि त्याने न पाहता सही केली. बॉब गोल्बीशी होणारी बरोबरी गेली आणि निर्णायक फेरीसुद्धा. खेळात हरणे वेगळे आणि बेरजेत हरणे वेगळे.

इतक्या बारीक फरकांचा उगम एका क्षणात असतो. क्लब, म्हणजे फटका मारायची काठी, आणि चेंडू यांचा संपर्क सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकतो. ४५.९३ ग्रॅमपर्यंत वजनाचा चेंडू तेवढ्यात चपटा होऊन सुटतो, आणि सुटल्यानंतर खेळाडूने काही करायचे उरत नाही. म्हणजे स्विंग सुधारणे म्हणजे तो अर्धा मिलिसेकंद सुधारणे. त्या क्षणी तीन गोष्टी निर्णायक असतात : क्लबफेस, म्हणजे क्लबचा चेंडूवर बसणारा सपाट भाग, कुठे पाहतो, क्लबचे डोके कुठल्या मार्गाने सरकते, आणि चेंडू फेसच्या मध्यभागी लागतो का.

यातल्या पहिल्या दोहोंबद्दल कित्येक वर्षे उलटे शिकवले गेले. चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने सुटतो आणि मग फेस जिकडे पाहतो तिकडे वळतो, असे जुनी पुस्तके सांगत. रडारवर चालणारी मोजयंत्रे २००० नंतर सरावाच्या मैदानात आली आणि उलट चित्र दिसले. चेंडू सुटतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या, बाबतीत हा वाटा सुमारे ८५ टक्के, आयर्नच्या, म्हणजे मध्यम अंतराच्या क्लबच्या, बाबतीत ७५ च्या आसपास. वळण मिळते ते फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकातून. २५० मीटरच्या फटक्यात सुरुवातीची दिशा एका अंशाने चुकली तर चेंडू चार मीटरपेक्षा जास्त बाजूला पडतो, आणि वळण त्यात भर घालते.

नवख्या उजव्या खेळाडूला सतावणारा स्लाइस, म्हणजे चेंडू उजवीकडे वळत जाणे, इथे उलगडतो. फेस मार्गाच्या तुलनेत उजवीकडे उघडा राहतो. चेंडू उजवीकडे जातो म्हणून खेळाडू सवयीने डावीकडे निशाणा धरतो. परिणामी क्लबचा मार्ग आणखी डावीकडे वळतो, फेस आणि मार्ग यांच्यातले अंतर वाढते, स्लाइसही वाढतो. आजारावर औषध म्हणून आजारच पाजला जातो. यावर खरा उपाय हाताच्या पकडीपासून सुरू होतो. डावा हात थोडा उजवीकडे फिरवला, दोन-तीन बोटांचे सांधे वरून दिसू लागले, तर फेस बंद होणे सोपे जाते. बोटे गुंफण्याची पद्धत कोणतीही चालते : उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर ठेवण्याची पकड हॅरी व्हार्डनमुळे रूढ झाली, तर जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स करंगळी गुंफतात. दाब हलका असावा, कारण आवळलेल्या मुठीत मनगट मोकळे राहत नाही.

पकडीनंतर येतो शरीराचा क्रम. मागे नेताना खांदे पुरते वळतात, कंबर त्याहून कमी. खाली येताना क्रम उलटा : आधी कंबर, मग धड, मग हात, सर्वांत शेवटी क्लब. पालघर जिल्ह्यातल्या दांडीच्या खाडीत पाग टाकणारा मच्छीमार नेमके हेच करतो, जाळे हाताने नव्हे तर कमरेतून फिरत सुटते. प्रत्येक भाग पुढच्याला वेग देऊन स्वतः मंदावतो. पहिल्या दर्जाच्या पुरुष व्यावसायिकांच्या ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग यातूनच ताशी सुमारे १८० किलोमीटरपर्यंत जातो. नवखा खेळाडू हातांनी घाई करतो, क्रम मोडतो आणि चेंडू फेसच्या टोकाला लागतो. मध्याबाहेर लागलेला फटका वेगही घालवतो आणि दिशाही.

वारा आणि जमीन यांमुळे हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. गोल्फचा जन्म स्कॉटलंडच्या लिंक्सवर झाला, म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांमधल्या वाळूच्या, खुरट्या गवताच्या पट्टीवर. दांडी ते चिंचणीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला ही जागा अनोळखी वाटणार नाही. समोरून वारा असताना जोरात मारले तर चेंडूला मागची फिरकी जास्त बसते, तो उंच चढतो आणि हवेतच थांबल्यासारखा खाली येतो. म्हणून मोठा क्लब घेऊन आखडता, सावकाश फटका मारतात. चेंडू खालून जातो. पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या ओल्या फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडू जवळपास घरंगळत नाही आणि त्याला चिखल लागतो. अशा वेळी समिती चेंडू उचलून पुसून ठेवायची परवानगी देऊ शकते.

सरावाचा आराखडा या सगळ्यातूनच निघतो. व्यावसायिक एका फेरीत ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, साधारण २९ पट (घरंगळवलेले फटके) मारतो, म्हणजे फटक्यांचा जवळजवळ ४० टक्के भाग तिथेच जातो, आणि ग्रीनजवळचे छोटे फटके त्याशिवाय. तरीही हौशी खेळाडू सरावाचा वेळ ड्रायव्हरवर घालवतो, कारण लांब गेलेला चेंडू पाहून बरे वाटते. स्विंगसाठी अर्ध्या उंचीचे फटके, कमी वेगात, अधिक उपयोगी पडतात. क्लबफेसवर पावडरचा पातळ फवारा मारला तर चेंडू कुठे लागला ते ठशावरून कळते. आयर्नच्या फटक्यात गवताचा तुकडा चेंडूच्या पुढून उखडायला हवा. मागून उखडला तर स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चुकीच्या जागी आहे. फोन कमरेच्या उंचीवर, निशाण्याच्या रेषेत मागे ठेवून काढलेला व्हिडिओ मार्ग दाखवतो. एका सत्रात एकच बदल करावा. पकड, उभे राहणे आणि वेग एकदम बदलले तर फटका कशाने सुधारला हे समजायला मार्ग उरत नाही. सरावासाठी मुंबईजवळ प्रवेश सोपा असलेले मैदान म्हणजे खारघरचा सिडकोचा कोर्स, जिथे सभासद नसलेल्यालाही शुल्क भरून खेळता येते. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून चालू आहे, पण तिथे मुख्यतः सभासदच खेळतात.