पंप नवा, इंजिन गप्प

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. सातपाटी, मुरब्याच्या बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि इंजिनाची मोठी कामं याच दिवसांत उरकली जातात. इंजेक्शन पंपाचं कामही त्यातलंच. खारी हवा आणि टाकीच्या तळाला साचलेलं पाणी पंपाला मारक. म्हणून तो उतरवून कॅलिब्रेशनला देतात, नाहीतर बदलूनच टाकतात. पंप पुन्हा चढतो, बोट पाण्यात उतरते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन स्टार्ट घेत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतले जनरेटर असोत की महामार्गावरचे ट्रक, पंप बदलल्यावर हा अनुभव सगळीकडे येतो. पहिला संशय पंपवाल्यावर जातो. तसं लगेच ठरवणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. कारण पंप बऱ्याचदा ठीक असतो, तो बसवताना काहीतरी राहिलेलं असतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला चाललं, ते याच तत्त्वावर. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली की तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि त्यात बारीक फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. ते किती आणि कोणत्या क्षणी फवारायचं, हे पंप ठरवतो. बॉशने असे पंप १९२७ पासून मोठ्या संख्येने बनवायला घेतले. भारतात त्याच बॉशची कंपनी १९५१ साली बंगळूरला उभी राहिली; नाशिककर तिला आजही मायको म्हणूनच ओळखतात. पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यात अवघ्या दोन-चार मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. एवढ्या अरुंद जागेत पाण्याचा थेंब किंवा गंजाचा कण काय करू शकतो, हे वेगळं सांगायला नको.

तपासणीची सुरुवात धुरापासून करावी. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर अजिबात नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. या एका फरकावर पुढची अर्धी शोधाशोध वाचते.

धूर नसेल तर दोष बहुधा हवेचा. पंप उतरवला की लाइनमध्ये हवा शिरते. डिझेल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे प्लंजरचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही. मिस्त्री आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करतो, फीड पंपाचा हातपंप मारत राहतो. सुरुवातीला फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी सलग, स्वच्छ धार. मग तोच प्रकार पंपावरच्या स्क्रूशी. शेवटी नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल आलं की आवळायचे. जुना तांब्याचा वॉशर पुन्हा वापरला असेल, तर तिथूनच हवा परत आत शिरते.

हे काम जुन्या यांत्रिक पंपांपुरतंच. कॉमन रेल इंजिनात उच्च दाबाचे नट सेल्फ मारताना कधीही सोडू नयेत. कुठल्याही इंजिनात फवाऱ्यासमोर हात धरू नये. तो कातडी भेदून आत जातो आणि बाहेरून दिसणारी टाचणीएवढी जखम ऑपरेशनपर्यंत नेते.

हवा काढूनही डिझेल येत नसेल, तर स्टॉप लिव्हर बंद स्थितीत अडकलाय का ते पाहावं. अनेक रोटरी पंपांवर बंद करणारा सोलेनॉइड असतो. त्याला वीज मिळाली तरच डिझेल सुटतं. एक वायर जोडायची राहिली की संपूर्ण जनरेटर मुका.

पांढरा धूर मात्र बहुतेकदा टायमिंगकडे बोट दाखवतो. (बॅटरी कमजोर असली, सेल्फ मंद फिरला, तरी तोच धूर येतो, म्हणून बॅटरी आधी चार्ज करावी.) चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा पंप एकच घेतो. म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दोनदा वर येतो, एकदा हवा दाबून आणि एकदा धूर बाहेर ढकलून. फ्लायव्हीलवरची खूण दोन्ही वेळा जुळते, आणि फसगत इथेच होते. टॅपेट कव्हर उघडून फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवावं. खूण जुळताना शेवटच्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व्ह एकदमच हलत असतील, एक मिटत आणि दुसरा उघडत, तर पहिला सिलिंडर बरोबर दाबावर आहे. तसं नसेल, तर पूर्ण एक फेरा फिरवायचा आणि मगच पंप बसवायचा.

पाइपही आपल्याच जागी हवेत. चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा १-३-४-२ हा क्रम असतो, सहाच्या इंजिनात १-५-३-६-२-४. पाइप जुन्याच आकारात वाकलेले असले तरी दुसऱ्या बनावटीच्या पंपावर पहिलं तोंड वेगळ्या ठिकाणी असू शकतं. दोन पाइपांची अदलाबदल झाली तर इंजिन सुरू झालंच, तरी धडधडत, धूर ओकत चालतं.

एवढं करूनही इंजिन गप्प राहिलं, तर मात्र पंप पुन्हा बेंचवर न्यावा आणि पंपातला डिझेलचं प्रमाण ठरवणारा रॅक अडकलाय का ते विचारावं. ईथरचा स्प्रे मारून इंजिन दामटवणं टाळावं. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तर त्याने स्फोट होऊ शकतो.

इंजिनाने स्टार्ट घेतला, तरी तांडेलाने लगेच समुद्र गाठू नये. बंदरातच ते तास-दोन तास लोडवर चालवावं, नट पुन्हा आवळावेत आणि पाइपांवर कुठे ओल दिसते का ते फडक्याने पुसून पाहावं.