तुपाची बरणी कुठल्या बॅगेत?

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये मुलं परदेशी आणि आईवडील इथे, अशी कितीतरी घरं आहेत. कुक्करहळ्ळी तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींच्या गप्पा व्हिसा, तिकीट आणि सामानाच्या वजनापाशी हटकून येतात. मराठी घर असेल तर सामानात कढवलेलं तूप, लिंबाचं लोणचं, मोरावळा आणि इथलं चंदनाचं तेल ठरलेलं. मग बेंगळुरूचा केम्पेगौडा विमानतळ गाठायचा, आणि सुरक्षा तपासणीत जवानाने बरणी बाजूला काढायची. आठवडाभर साय साठवून केलेलं तूप कचऱ्याच्या डब्यात टाकलं जाताना पाहणं जिवाला लागतं. ते टाळता येतं, म्हणून हे सविस्तर.

केबिन बॅगेतल्या द्रवांवरच्या मर्यादेचा हा नियम कुणाच्या लहरीतून आलेला नाही. ११ डिसेंबर १९९४ रोजी सेबूहून टोकियोला निघालेल्या फिलिपाइन एअरलाइन्सच्या विमानात स्फोट होऊन एक प्रवासी ठार झाला. स्फोटक द्रव कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून आत आला होता. त्यानंतर १० ऑगस्ट २००६ रोजी लंडनमधला मोठा कट उघड झाला. शीतपेयाच्या बाटलीचं झाकण न उघडता तिच्या तळातून हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण भरायचं आणि अटलांटिक ओलांडणारी विमानं हवेतच उडवायची, असा तो बेत होता. तेव्हाच्या एक्स-रे यंत्राला बाटली दिसे, पण आत पाणी आहे की पेरॉक्साइड, हे सांगता येत नसे. द्रव ओळखता येत नाही तर त्याचं प्रमाणच मर्यादित ठेवा, असा मार्ग निघाला. नोव्हेंबर २००६ मध्ये युरोपात १०० मिलिलिटरची मर्यादा आली आणि पुढे जगभर पसरली. भारतातून निघणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांनाही ती लागू आहे.

नियम असा : केबिन बॅगेतली प्रत्येक बाटली, ट्यूब किंवा डबी १०० मिलिलिटरपर्यंतची हवी, आणि त्या सगळ्या मिळून एक लिटरच्या, बंद करता येणाऱ्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. माणशी एकच पिशवी. घोटाळा होतो तो इथे : मोजतात भांड्याची क्षमता, आतला माल नव्हे. दोनशे मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये तळाशी उरलेली टूथपेस्टही जात नाही. शिवाय द्रव म्हणजे फक्त पाणी नाही. जे ओतता, पिळता, फासता येतं ते सगळं यात येतं : तूप, लोणी, मध, लोणचं, श्रीखंड, दही, ओली चटणी, केसांचं तेल, मलम. तूप थिजलेलं आहे, हा युक्तिवाद चालत नाही. गंगेच्या पाण्याचा गडूही त्याच मापाने मोजला जातो.

बेंगळुरू-पुणे प्रवासात पाण्याची बाटली सहसा कुणी अडवत नाही. त्या सवयीने माणूस आंतरराष्ट्रीय तपासणीला जातो आणि फसतो. नारळाचं वेगळंच : एरवी अख्खा नारळ केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना मात्र २० जानेवारी २०२५ पर्यंत इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ तपासणी करून केबिनमध्ये नेण्याची सूट मिळाली होती. भाविकांच्या अडचणीचा विचार झाला, हे मला योग्यच वाटलं. सुक्या खोबऱ्याची गोष्ट वेगळी. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून ते धोकादायक मालात गणलं जातं.

सर्वांत जास्त नुकसान विमान बदलताना होतं. ड्यूटी-फ्रीमधून घेतलेली बाटली दुकानदार सीलबंद पिशवीत पावतीसह देतो. ती शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडायची नाही. फ्रँकफर्टमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी पहिल्या अमेरिकन विमानतळावर मोठी बॅग ताब्यात आल्यावर ती बाटली तिच्यातच ठेवून द्यावी. पुढच्या तपासणीचा प्रश्नच उरत नाही.

तूप आणि लोणचं चेक-इन बॅगेत ठेवा. उंचीवर विमानातला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी होतो, बरणीतली हवा फुगते आणि तेल झाकणातून बाहेर येतं. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घाला, वरून चिकटपट्टी लावा, बरणी दोन पिशव्यांत बांधा आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा. तरी एक इशारा राहतोच. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. तेव्हा जर्मनीतल्या मुलीसाठी तूप कुठल्याच बॅगेत घालू नका. तिथे तिला लोणी मिळतं, कढवायची रीत फोनवर सांगा.

औषधं आणि तान्ह्या बाळाचं दूध यांना सवलत आहे, पण प्रवासाला लागेल तेवढंच. इन्सुलिन केबिनमध्येच हवं, कारण सामानकक्षात ते गोठण्याचा धोका असतो. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि तपासणीच्या आधी स्वतःहून सांगा.

नवी सीटी यंत्रं बॅगेचं त्रिमितीय चित्र घेतात, म्हणून काही विमानतळ मर्यादा उठवू लागले आहेत. एडिंबराने जुलै २०२५ मध्ये दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना वाट मोकळी केली. मात्र परतीच्या वाटेवरच्या विमानतळावर जुनाच नियम असू शकतो. म्हणून घरातल्या तरुणांना एक विनंती : आईवडिलांची केबिन बॅग निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्यासोबत बसून एकदा रिकामी करा आणि प्रत्येक बाटलीवरचा आकडा वाचा.