रोहित पक्षी आणि त्यांचें छायाचित्र

मुंबईच्या पूर्वेस शिवडीपासून ठाण्यापर्यंत पसरलेल्या खाडीकडे शहरानें फार काळ पाठच फिरविली होती. एका बाजूस गोद्या आणि तेलाच्या टाक्या, दुसऱ्या बाजूस मिठागरें व तिवरांचीं खाजणें, आणि मध्यें ओहोटीच्या वेळीं उघडा पडणारा काळा चिखल. रसिकानें मुद्दाम जावें असें तेथें कांहीं नव्हतें. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून याच चिखलावर दर हिवाळ्यांत गुलाबी पंखांचे थवे मोठ्या संख्येनें उतरूं लागले. अलीकडच्या एका गणनेंत तर ही संख्या लाखाच्या वर गेली. हे रोहित पक्षी. कोणी त्यांना अग्निपंख म्हणतात, आणि वृत्तपत्रांनीं फ्लेमिंगो हें नांव घरोघर पोंचविलें आहे. मुंबईकर पक्षिप्रेमी कॅमेरा घेऊन प्रथम धांव घेतो ती बहुधा यांच्याकडेच. त्याचें छायाचित्र काय सांगतें, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे काय सांगत नाहीं, याचा विचार होणें अगत्याचें आहे.

छायाचित्रांत प्रथम भरतो तो रंग. हा रंग पक्ष्याच्या जन्माबरोबर येत नाहीं. रोहिताचें पिल्लूं करड्या रंगाचें असतें. शैवालांतील आणि लहान जलजीवांतील रंगद्रव्य अन्नावाटे अंगांत मुरतें, तसतशीं पिसें गुलाबी होत जातात. खाडींत या पक्ष्याच्या दोन जाति दिसतात. थोरला रोहित चार-साडेचार फूट उंच, अंगानें पांढुरका गुलाबी, आणि त्याची फिकट चोंच टोंकाशींच तेवढी काळी. धाकटा तीन फुटांच्या आसपास, रंगानें अधिक गडद, आणि त्याची चोंच काळसर तांबडी. दोघांचीहि खाण्याची रीत मोठी विलक्षण आहे. मान खालीं घालून ते चोंच उलटी करून पाण्यांत धरतात. मांसल जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी मागें-पुढें होते, पाणी आंत येतें आणि चोंचेच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून गाळून बाहेर जातें. थोरल्याच्या वांट्यास त्यांतून लहान किडे व कवचधारी जीव येतात, धाकट्याचा भर सूक्ष्म शैवालावर असतो. शहराचें सांडपाणी खाडींत मिसळून शैवालाची वाढ झाली आणि म्हणून हे पाहुणे आले, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. म्हणजे छायाचित्रांतील तो मोहक रंग एका अर्थीं शहराच्या गटारांचाच प्रताप म्हणावयाचा!

पक्ष्याचें छायाचित्र घ्यावें ही कल्पनाच तशी जुनी नाहीं. एकोणिसाव्या शतकांतला पक्षितज्ज्ञ बंदूक घेऊन रानांत जाई; पक्षी पाडल्यावांचून त्याची ओळख पटत नसे. इंग्लंडांत चेरी कीर्टन यानें १८९२ सालीं घरट्यांतील अंड्यांचें छायाचित्र घेतलें, आणि पुढें रिचर्ड व चेरी या बंधूंनीं पक्ष्यांजवळ जाण्यासाठीं पोकळ बैलाच्या कातड्यांत शिरून बसण्यापर्यंत मजल नेली. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सिंगापूरहून आलेले लोक वान थो हे गृहस्थ सलीम अली यांच्या सहवासांत पक्षिछायाचित्रणांत रमले, आणि त्यांचीं चित्रें पुढें जगभर वाखाणलीं गेलीं. पक्षी हातांत येण्यासाठीं तो मरावा लागत नाहीं, ही गोष्ट कॅमेऱ्यानें सिद्ध केली. हा त्याचा मोठाच उपकार होय.

परंतु चित्र एका क्षणाचें असतें आणि पक्षी बारा महिन्यांचा. हा थवा आला कोठून आणि जाणार कोठें, हें चित्र पाहून कळत नाहीं. तें कळण्यास दुसरी युक्ति लागली. डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नांवाच्या शिक्षकानें १८९९ सालीं पक्ष्यांच्या पायांत खुणेचीं ॲल्युमिनियमचीं कडीं अडकविण्यास आरंभ केला. कडें घातलेला पक्षी पुन्हां जेथें सांपडे, तेथपर्यंत त्याच्या प्रवासाची रेघ ओढतां येई. मुंबईंत १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें हें काम भारतांत वाढविलें. २०२२ सालीं या संस्थेनें सहा रोहितांच्या अंगावर ठावठिकाणा कळविणारीं लहान यंत्रें बसविलीं, आणि मुंबईचे पक्षी गुजरातकडे जातात, हें आतां केवळ अनुमान राहिलें नाहीं.

गुजरातचा हा संबंध जुनाच आहे. कच्छच्या मोठ्या रणांत पावसाचें पाणी सांचलें म्हणजे रोहित तेथें चिखलाचे ओटे रचून प्रत्येकीं एकच अंडें घालतात. १९४५ सालीं सलीम अली यांनीं या वसाहतीस भेट दिली, तेव्हां तेथें लक्षावधि पक्षी त्यांच्या दृष्टीस पडले. पाणी आटलें कीं पक्षी पांगतात. त्यांतले कांहीं साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरांत मुंबईच्या खाडींत येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं परततात. हिमालय ओलांडणाऱ्या हंसांइतका हा प्रवास लांबचा नसेल, पण त्याचें सूत्र तेंच आहे: एका ठिकाणचें पाणी आटलें तर दुसऱ्या ठिकाणीं तें असलेंच पाहिजे.

या मोठ्या स्थलांतराच्या पोटांत दुसरें एक लहान स्थलांतर चालूं असतें, आणि आज खरें संकट तेथेंच आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हां रोहित चरतात. भरती आली म्हणजे तो बुडतो आणि त्यांना उथळ पाण्याची दुसरी निवांत जागा शोधावी लागते. नवी मुंबईच्या काठची तळीं व पाणथळ जागा हें त्यांचें विश्रांतिस्थान. खाडीच्या मोठ्या भागाला २०१५ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ सालीं ती रामसर कराराच्या यादींत गेली. परंतु विश्रांतीचीं हीं तळीं त्या सीमेच्या बाहेर राहिलीं. २०२४ सालीं नेरूळच्या एका तळ्यांत भरतीचें पाणी येण्याचे मार्ग बुजले, तळें कोरडें पडलें, आणि वाट चुकलेले कांहीं रोहित रस्त्यावर येऊन मेले. त्याच वर्षीं मे महिन्यांत घाटकोपरवर उतरत्या विमानाची थव्याला धडक बसून चाळीसच्या आसपास पक्षी प्राणास मुकले. पुढल्या वर्षीं राज्याच्या वन्यजीव मंडळानें त्या तळ्याला संरक्षित क्षेत्र करण्यास मान्यता दिली, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. पाहुण्याचें ताट राखावयाचें आणि अंथरूण मात्र काढून घ्यावयाचें, याला आतिथ्य म्हणतां येत नाहीं.

येथें कॅमेरा बाळगणाऱ्याचें कर्तव्य सुरू होतें. उडत्या थव्याचें चित्र सुंदर येतें खरें, पण त्या मोहानें होडी थव्यांत घालणारा मनुष्य पक्ष्याचा घांस हिरावून घेतो. कारण चरण्याचा वेळ ओहोटीनें मोजून दिलेला असतो, आणि रोहिताला उडण्यापूर्वीं पाण्यावरून धांवावें लागतें, त्यांत त्याची शक्तीहि खर्च होते. यांत्रिक पाखरूं डोक्यावर घिरट्या घालूं लागलें तरी परिणाम तोच. काठावर स्वस्थ बसून, भरतीबरोबर पक्षी जवळ सरकण्याची वाट पाहणें हाच उत्तम मार्ग होय. कोणत्याहि पक्ष्याच्या घरट्याचा ठावठिकाणा जाहीर करूं नये, हा नियमहि त्याच जातीचा.

उलट, चित्र सावधपणें घेतलें तर तें पुराव्याचें काम करतें. तारीख आणि जागा नोंदलेलीं चित्रें वर्षानुवर्षें जमा झालीं म्हणजे कोणत्या तळ्यावर पक्षी कधीं येत आणि कधीं यावयाचे थांबले, हें सांगतां येतें. पक्ष्याच्या पायांतील कड्यावरचीं अक्षरें कधीं कधीं दूरच्या भिंगांतून वाचतां येतात. तीं संस्थेला कळविलीं तर प्रवासाच्या रेघेंत एक बिंदु वाढतो. तळें बुजविण्याचा प्रश्न उद्यां निघाला, तर त्या वेळीं भिंतीवर टांगलेल्या देखण्या चित्रापेक्षां वहींतल्या या नोंदी अधिक कामास येतील.

रोहिताला राज्यांच्या आणि नगरपालिकांच्या सीमा ठाऊक नाहींत. कच्छचें रण, ठाण्याची खाडी आणि नेरूळचें तळें त्याच्या लेखीं एकाच घराच्या तीन खोल्या आहेत. त्यांतली एक जरी बंद झाली, तरी उरलेल्या दोन उघड्या ठेवून फारसें साधत नाहीं.