मोन्तेक्रिस्तीची वीण

इक्वेडोरच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत मानाबी नावाचा प्रांत आहे. तिथल्या मोन्तेक्रिस्ती या गावात आणि त्याच्या दक्षिणेकडच्या पिले नावाच्या खेड्यात जगातली सर्वांत बारीक विणीची गवती हॅट तयार होते. साऱ्या जगात ती पनामा हॅट म्हणून विकली जाते, पण पनामात तिचा फक्त बाजार होता. 1849 नंतर कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावणारे लोक पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडताना या हॅट विकत घेत. पुढे 1906 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामा कालव्याचं काम पाहायला आले, तेव्हाची त्यांची हॅटमधली छायाचित्रं जगभर गेली आणि नाव पक्कं झालं. मोन्तेक्रिस्तीत जन्मलेले एलॉय आल्फारो यांच्या वडिलांचा हॅट निर्यातीचा धंदा होता. त्या व्यापारातला पैसा मुलाच्या राजकीय लढ्याच्या कामी आला आणि 1895 च्या उदारमतवादी क्रांतीनंतर एलॉय आल्फारो इक्वेडोरचे अध्यक्ष झाले.

उत्तम हॅट याच मुलखात का होते, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. पहिलं उत्तर सुचतं ते वनस्पतीचं. ही हॅट जिच्या धाग्याने विणतात ती तोकिया दिसायला ताडासारखी, पण ताडाच्या कुळातली नव्हे. तिची पंख्यासारखी पानं उमलायच्या आत, मिटलेल्या कोंबाच्या अवस्थेतच कापतात. बाहेरचा हिरवा, राठ भाग काढून टाकतात, आतल्या फिकट पाती थोडा वेळ पाण्यात उकळतात आणि वाळत टाकतात. वाळताना पात स्वतःभोवती वळते आणि तिचा गोल, चिवट धागा बनतो. मग गंधकाची धुरी देऊन तो उजळवतात. बारीक कामासाठी विणकर हाच धागा नखाने आणखी चिरतो.

पण तोकिया केवळ इक्वेडोरची नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ती कितीतरी ठिकाणी उगवते. कोलंबियात सान्दोना भागात तिच्याच हॅट विणतात, मेक्सिकोतल्या बेकाल गावातही विणतात.

मग हवेचं काय? कोरड्या हवेत तोकियाचा धागा कडक होऊन तुटतो. म्हणून पिलेचे विणकर पहाटे आणि संध्याकाळी कामाला बसतात, आभाळ भरलेलं असेल तर दिवसाही. भर उन्हात बारीक वीण हाती घेत नाहीत. बेकालच्या लोकांनी यावर तोड काढली. घरामागे जमिनीत गुहा खोदल्या आणि त्यांच्या ओलाव्यात ते विणायला बसू लागले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. वनस्पती दुसरीकडे मिळते आणि दमट हवाही माणूस खटपटीने निर्माण करू शकतो. तरीही अत्यंत बारीक विणीसाठी जाणकार मोन्तेक्रिस्तीकडेच वळतात, याचा अर्थ तिसरं काहीतरी तिथे आहे.

ते तिसरं म्हणजे एकामागून एक काम करणारे हात. विणकर माथ्याच्या मध्यापासून सुरुवात करतो आणि गोलाकार फेर वाढवत जातो. थोडं विणून झालं की काम लाकडी साच्यावर चढतं आणि तो साच्यावर छाती टेकून, वाकून विणत राहतो. अतिशय बारीक हॅटला कित्येक महिने लागतात. एका चौरस इंचात हजाराहून जास्त टाके येतात, आणि प्रत्येक टाक्याचा ताण सारखा ठेवावा लागतो. एवढं करून विणकराचं काम संपतं, हॅटचं नाही. कडेला धाग्यांची लांब दशी लोंबत असते. दुसरा कारागीर ते धागे उलटे फिरवून कडेतच विणतो, तिसरा एकेक धागा ओढून ती वीण घट्ट करतो. मग हॅट धुतात, पुन्हा गंधकाची धुरी देतात. कुणी सुटी टोकं कापतो, कुणी लाकडी मोगरीने बडवून वीण मऊ आणि सपाट करतो, कुणी इस्त्री करतो. हे सारे वेगवेगळे धंदे आहेत, आणि प्रत्येकाला स्थानिक भाषेत वेगळं नाव आहे. विणकर एकटा दुसऱ्या देशात गेला, तर ही माणसं त्याच्याबरोबर जात नाहीत.

कुएन्काचं उदाहरण पाहिलं की हे स्पष्ट होतं. अँडीज पर्वतात सुमारे 2,500 मीटर उंचीवरच्या या शहरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॅटविणकाम मुद्दाम आणलं गेलं. लोकांना रोजगार हवा होता. कच्चा माल किनाऱ्यावरून येई. बघता बघता निर्यातीत कुएन्काने मोन्तेक्रिस्तीला मागे टाकलं. इथल्या बायका चालता चालता, बाजारात बसल्या बसल्या विणतात. साधी हॅट दिवसा-दोन दिवसांत पुरी होते आणि कारखान्यात यंत्रावर दाबून तिला आकार मिळतो. या हॅटला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. रोजच्या उन्हासाठी ती हलकी, हवेशीर आणि टिकाऊ असते, आणि कुएन्कातही उत्तम कारागीर आहेत. पण देश एक, गवत एक असूनही दोन हॅटमध्ये कित्येक महिन्यांच्या कामाचं अंतर पडू शकतं. त्यामुळे 'इक्वेडोरमध्ये बनवलेली' एवढ्या शिक्क्यावरून दर्जा कळत नाही. शिवाय बरीच विणलेली टोपरी आकार न देताच परदेशी जातात. इंग्लंड, इटली, अमेरिकेतले हॅटवाले त्यांना आकार देऊन पट्टी लावतात आणि हॅटवर आपलं नाव घालतात. 'शांतुंग' नावाने विकली जाणारी हॅट तर बहुधा कागदाच्या धाग्याची असते.

युनेस्कोने 2012 मध्ये तोकियाच्या विणकामाला मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मान मिळाला, पण विणकराच्या पदरात पडणारा पैसा ही जुनी दुखरी गोष्ट आहे. विणकर आणि दुकान यांच्यामध्ये दलालांची साखळी असते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हॅटची मागणी घसरली तेव्हा कुएन्का परिसरातली माणसं अमेरिकेला जाऊ लागली, आणि सुरुवातीच्या काहींनी न्यूयॉर्कची वाट धरली ती याच व्यापाराच्या ओळखीने. आज पिलेमध्ये महिनोन् महिने वाकून काम करायला तरुण मुलं सहजासहजी तयार होत नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा?

हॅट घ्यायची असेल तर ती उजेडाकडे धरून आतून माथा पाहावा. मध्यापासून पसरत जाणारी वर्तुळं दिसतील. फेर जवळजवळ आणि टाके एकसारखे असावेत, छिद्रं कमी-जास्त नसावीत. मग कड पाहावी, ती उलटी विणलेली आहे की दुमडून शिवलेली, हे लगेच कळतं. 'ग्रेड 20' वगैरे आकड्यांवर विसंबू नये, कारण सगळ्या दुकानांना बांधून ठेवणारं एकच मोजमाप नाही. गुंडाळून नळकांड्यात घातलेली हॅट दिसायला ऐटदार असली, तरी धागा कोरडा पडला की घडीवर तुटतो, तेव्हा तिला गुंडाळून ठेवू नये. आणि कुणी विणली, हे विक्रेत्याला विचारावं. काही मोजके विक्रेते आता हॅटबरोबर विणकराचं नावही देतात, आणि जादा पैसे द्यायचेच असतील तर ते अशा ठिकाणी द्यावेत.