दोन हंगामांचा सांधा

मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर सुकती लागली की ओली वाळू घट्ट होते आणि आमच्या वाडीतल्या मुली फुटबॉल घेऊन खाली उतरतात. गोलची खूण म्हणून जाळ्याचे दोन-दोन बोये ठेवायचे. सामना किती वेळ चालणार, ते भरती ठरवते. पाणी बोयाला टेकलं की खेळ संपला.

परवा आठवीतल्या भाचीने विचारलं, "मामा, चेल्सीच्या बायकांनी जिंकलेल्या कपांत २०१७ ची 'स्प्रिंग सिरीज' येगळीच दिसता. ती कसली?"

मालवणात हे समजावणं सोपं आहे. आपल्याकडे मासेमारीबंदी पूर्वी १० जूनला लागायची आणि नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, जे आधी येईल तेव्हा उठायची. पुढे ती १ जून ते ३१ जुलै झाली. कागदावर नुसत्या तारखा सरकल्या, पण होडी कधी ओढायची, खलाशांचा हिशेब कधी करायचा, घरात किती दिवसांची बेगमी लागेल, ही सगळी गणितं बदलली.

इंग्लंडच्या महिला लीगचंही तसंच झालं. २०११ साली ही लीग सुरू झाली तेव्हा ती उन्हाळ्यात ठेवली होती. पुरुषांचा फुटबॉल थंडावलेला असताना लोकांचं लक्ष आपल्याकडे वळेल, हा हिशेब. पण युरोपातल्या बाकी बहुतेक मोठ्या लीग हिवाळी. चॅम्पियन्स लीगचे निर्णायक सामने वसंतात यायचे, तेव्हा इंग्लिश संघांचा हंगाम जेमतेम उघडत असायचा. म्हणून सप्टेंबर ते मे असा हंगाम करायचं २०१६ मध्ये ठरलं. अडचण एकच उरली. २०१६ चा हंगाम नोव्हेंबरमध्ये आटोपला होता आणि नवा सुरू होणार होता सप्टेंबर २०१७ मध्ये. मधले दहा महिने खेळाडूंनी करायचं काय?

त्या पोकळीत ही छोटी लीग बसवली. प्रत्येकाशी एकदाच खेळायचं आणि कुणालाही खालच्या श्रेणीत ढकलायचं नाही. पण वरच्या श्रेणीचे सामने तोंडावर आले असताना, एप्रिलमध्ये, नॉट्स काउंटी क्लबने आपला महिला संघच बंद केला. खेळाडूंची नोकरी गेली, काहींचं तर क्लबने दिलेलं राहतं घरही गेलं. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं होतं. ऐन हंगामाच्या तोंडावर मालकाने होडी विकली, तर खलाशाने कुठे जायचं?

उरलेल्या नऊ संघांचे आठ-आठ सामने झाले. चेल्सी आणि मँचेस्टर सिटी दोघांचे १९ गुण. गोलफरकाने चेल्सी जिंकली, तीही ३ जूनला, शेवटच्या दिवशी. आठ सामन्यांची कसली लीग, असं म्हणणारे आहेत. मी हे जेतेपद पुरं मानतो. कुणी खाली जाणार नव्हतं, तरी शेवटच्या दिवसापर्यंत कुणी ढिलाई केली नाही.

आणि आपल्याकडे? त्याच वर्षी, २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी २०१७, दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर पहिल्या इंडियन विमेन्स लीगची अंतिम फेरी झाली. सहा संघ, त्यात महाराष्ट्राचा एफसी पुणे सिटी. मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट क्लबला ३-० हरवून ती जिंकली. अठरा दिवसांत सगळं उरकलं. इंग्लंडचा छोटा हंगाम दोन मोठ्या हंगामांना जोडणारा साकव होता. आपल्या साकवाच्या पलीकडे काठच नव्हता. एरवीचे महिने मुलींनी कशावर काढायचे, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मैदानावर आलटून पालटून खेळायची लीग उजाडायला २०२३-२४ यावं लागलं. सात संघ, प्रत्येकी बारा सामने, विजेता ओडिशा एफसी. कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल, गोव्यात घराघरांत. तरी त्या सातांत महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा एकही संघ नव्हता.

हे ऐकून भाची जरा वेळ गप्प बसली. "बारा सामने म्हणजे किती म्हयने?"

"डिसेंबर ते मार्च."

"आणि मगे?"

एव्हाना पाणी बोयापाशी आलं होतं. तिने तो उचलला, चार पावलं वर कोरड्या वाळूत नेऊन ठेवला आणि बाकीच्यांना हाक मारली.