मात्सुएतला आळीपाळीचा संसार

२०१५ ते २०२० या काळात आम्ही नवरा-बायको जपानमध्ये इंग्रजी शिकवत होतो. शिमाने प्रांतातलं मात्सुए हे आमचं गाव. टोकिओ-ओसाकाच्या झगमगाटापासून लांब, जपानी समुद्राच्या अंगाला, शिंजी सरोवराच्या काठावर वसलेलं. आज त्या वर्षांचा मागोवा घेताना शाळेतलं शिकवणं आणि घरातला संसार मला वेगळे काढता येत नाहीत. दोन्हीकडे आमच्या हाती एकच गोष्ट लागली: रोजचं काम सगळ्यांनी वाटून घ्यायचं, आणि ते वाटप कुणाच्या चांगुलपणावर न सोडता तक्त्यावर लिहून टाकायचं.

मी गेले ती ‘जेट’ या सरकारी योजनेतून. १९८७ साली चार देशांतल्या ८४८ जणांना घेऊन ही योजना सुरू झाली. सरकारी शाळांमध्ये जपानी शिक्षकाच्या जोडीला इंग्रजी बोलणारा परदेशी सहायक द्यायचा, हा तिचा गाभा. करार एकेका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. माझ्या वेळी पहिल्या वर्षाचा पगार ३३ लाख ६० हजार येन होता. नवरा दोन महिन्यांनी आला, तो माझा अवलंबित म्हणून. अशा जोडीदाराला इमिग्रेशनची परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. त्यानं संध्याकाळचे प्रौढांचे इंग्रजी संभाषणाचे वर्ग धरले. पुण्यात त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता. मात्सुएत घर चालणार होतं माझ्या पगारावर.

याची पहिली नोंद झाली ती नगरपालिकेच्या खिडकीवर. जपानमध्ये राहणाऱ्या प्रत्येक घराची नोंद रहिवासी दप्तरात होते आणि त्यात ‘सेताइनुशी’, म्हणजे कुटुंबप्रमुख, असा एक रकाना असतो. २०१२पासून परदेशी रहिवासीही याच दप्तरात आले. मी आधी एकटी पोचल्यामुळे त्या रकान्यात माझं नाव होतं. नवऱ्याची नोंद करायला आम्ही गेलो, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी अगदी अदबीनं विचारलं, “आता यजमान आलेत, तर प्रमुख बदलायचा का?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, “राहू दे की आहे तसं.” बाईंनी माझ्या नावाखाली त्याचं नाव घातलं, नात्याच्या रकान्यात ‘पती’ लिहिलं आणि शिक्का मारला. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. घराच्या कागदावर माझं नाव पहिलं येण्याची ती पहिलीच वेळ.

कागदावरचं घरात उतरायला मात्र वेळ लागला आणि त्याला मदत झाली ती आमच्या निरक्षरपणाची. जपानी वाचता न येणारी दोन माणसं एका घरात राहतात, तेव्हा ‘हे बायकांचं’ आणि ‘ते पुरुषांचं’ असं काही शिल्लकच राहत नाही. ज्याला जे आधी उमगेल, ते काम त्याचं. कचऱ्याचं वेळापत्रक त्याला आधी कळलं: जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या आणि डबे कधी, कोणत्या पिशवीत, सकाळी किती वाजायच्या आत. मला कळली ती गल्लीतली ‘काइरानबान’, म्हणजे घरोघर फिरणारी सूचनांची पाटी. ती वाचायची (आमच्या बाबतीत वाचून घ्यायची), सही करायची आणि शेजारच्या घरी पोचवायची. हिवाळ्यात रॉकेलवर चालणारा हीटर असे. पेट्रोल पंपावरून १८ लिटरचा निळा कॅन भरून आणायचं काम एक आठवडा त्याचं, एक आठवडा माझं. मात्सुएचा हिवाळा राखाडी आणि ओला. डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस, असं तिकडची माणसं म्हणतात, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

आमच्या वेळाही उलट्यासुलट्या होत्या. मी सकाळी साडेसातला बाहेर पडून साडेचारला परत येई आणि तो पाचला निघून नऊनंतर. म्हणजे कामाच्या दिवशी सकाळचा चहा आणि संध्याकाळचा अर्धा तास एवढंच एकत्र असणं. दुपारी घरी तोच, त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक त्याच्याकडे आला. शिंजी सरोवरातल्या ‘शिजिमी’ तिथल्या बाजारात रोज मिळत. आमच्या रत्नागिरीच्या तिसऱ्यांची जणू धाकटी भावंडं. जपानी घरांत त्यांचं मिसो सूप होतं. नवऱ्यानं माझ्या आईला फोन लावून डब्यातल्या नारळाच्या दुधात त्यांचं कालवण जमवलं. त्यात वाटणाला कांदा किती आणि कोकम कधी घालायचं, हे आज त्याला माझ्यापेक्षा नेमकं माहीत आहे.

शाळेत तर या वाटपाचा पाया रोज डोळ्यांसमोर होता. दुपारचं जेवण शाळेतच. पाळी असलेली मुलं पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून मोठी पातेली वर्गात आणत आणि भात, सूप, भाजी-मासे वाढत. सगळ्यांची ताटं भरल्यावर एका सुरात “इतादाकिमास” म्हणून जेवण सुरू. मग सफाई. वर्ग, जिने, संडास, सगळं मुलंच साफ करत. लांबच्या लांब मार्गिकेत चार-पाच मुलं ओळीनं ओणवी होत, दोन्ही तळवे ओल्या फडक्यावर टेकत आणि पायांनी रेटा देत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटत. फडकी बहुधा जुन्या टॉवेलची, शिवून आणलेली. वर्गशिक्षकही फडकं घेत आणि मीही घेई. फळ्याशेजारी आळीपाळीचा तक्ता. एका मोठ्या चकतीवर कामं, आतल्या लहान चकतीवर गटांची नावं. दर आठवड्याला आतली चकती एक घर पुढे सरके. आज संडास, पुढच्या आठवड्यात ग्रंथालय. कुणाचीही सुटका नाही आणि कुणाच्याही वाट्याला कायमचा संडास नाही. त्या फिरत्या चकतीसमोर मी कितीदा तरी उभी राहिले असेन. न्याय इतक्या साध्या पुठ्ठ्यात मावू शकतो, हे मला तिथे कळलं.

एक चकती आम्हीही केली आणि फ्रीजवर लावली.

इंग्रजीच्या तासाला पाचवी-सहावीच्या मुलांसाठी तेव्हा ‘हाय, फ्रेंड्स!’ हे शिक्षण मंत्रालयाचं पुस्तक होतं. पुढे ‘वी कॅन!’ आलं आणि २०२० साली इंग्रजी त्या वर्गांना रीतसर विषय झाली. त्याआधी ती नुसती ‘उपक्रम’ होती, गुण नव्हते, म्हणून मुलं मोकळी बोलत. सहावीत ‘आय कॅन’चा धडा चालू होता. पोहता येतं, युनिसायकल चालवता येते, करता करता एका मुलानं मला विचारलं, “कॅन युअर हजबंड कुक?” “येस, ही कॅन,” मी म्हटलं. वर्गभर लांबलचक “एऽऽऽ!” उमटला. मग मुलं आपापल्या घरचं सांगू लागली. “माय फादर कॅन कुक करी.” “माय फादर कॅन नॉट.” एकानं छातीवर हात ठेवून सांगितलं, “आय कॅन कुक मिसो सूप.” तो ते गृहशास्त्राच्या तासाला शिकला होता. हा विषय प्राथमिक शाळेत पाचवीपासून मुलगे-मुली दोघांनाही असतो. माध्यमिक शाळांत मात्र तो मुलग्यांना मुलींच्या बरोबरीनं सक्तीचा झाला १९९३-९४मध्ये.

म्हणजे माझ्याबरोबर शिक्षकखोलीत बसणारे तरुण शिक्षक शिवणकाम-स्वयंपाक शिकलेल्या पहिल्या पिढ्यांतले होते. पण त्यांना घरी जाऊन ते करायला वेळच नव्हता. माझ्या कराराचे तास संपले की मी “ओसाकी नी शित्सुरेइ शिमास” म्हणून, म्हणजे आधी निघते म्हणून माफी मागत, बाहेर पडे. बाकी सगळे क्रीडाक्लब, पालकांचे फोन, वह्या यांत रात्रीपर्यंत अडकलेले. २०१८च्या ‘ओईसीडी’च्या पाहणीत जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला, भाग घेतलेल्या देशांत सर्वांत लांब. ज्या शाळेनं मुलग्यांना सुई-दोरा हाती दिला, त्याच शाळेच्या नोकरीनं बापांना घराबाहेर ठेवलं. मग घर पडतं एकट्या बाईवर. जपानच्या या विसंगतीनं मला आतून त्रास व्हायचा, आजही होतो.

आमच्या दारावरच्या पाटीवर दोन आडनावं होती, त्याचं गल्लीला मोठं नवल. जपानी दिवाणी कायद्यानुसार लग्न करणाऱ्या जोडप्याला एकच आडनाव घ्यावं लागतं. कुणाचंही चालतं, पण तेव्हा ९५ टक्क्यांहून अधिक जोडप्यांत ते नवऱ्याचंच असे. आम्ही गेलो त्याच वर्षी, १६ डिसेंबर २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं हा नियम घटनेला धरून आहे असा निकाल दिला. पंधरा न्यायाधीशांत तीन स्त्रिया होत्या. तिघींचंही मत होतं की तो घटनेला धरून नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत चहा ओतताना एक सहकारी बाई मला हलकेच म्हणाल्या, “तुमच्या दारावरची पाटी मला फार आवडते.” त्या शाळेत माहेरच्या आडनावानं वावरत. पगाराच्या कागदांवर मात्र दुसरं नाव.

आणि हेच मात्सुए लेखक लाफ्काडिओ हर्नचंही गाव आहे. १८९० साली तो तिथल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला आला आणि पुढच्या वर्षी सेत्सु कोइझुमीबरोबर त्याचा संसार सुरू झाला. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याचं जपानी मोडकं. तरी तिनं सांगितलेल्या गोष्टींतूनच ‘क्वाइदान’सारखं पुस्तक उभं राहिलं. १८९६ साली तो जपानी नागरिक झाला, तो बायकोच्या घराण्यात नाव नोंदवून, तिचं आडनाव घेऊन: कोइझुमी याकुमो. किल्ल्याच्या खंदकाकाठचं त्यांचं घर आजही जपलेलं आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेत असू आणि ही आडनावाची गोष्ट मी आवर्जून सांगत असे.

२०२०च्या वसंतात नवऱ्याचे संध्याकाळचे वर्ग कोरोनामुळे थांबले. घर माझ्या एकटीच्या पगारावर आलं आणि फ्रीजवरची चकती मुकाट्यानं नव्यानं मांडली गेली. उन्हाळ्यात करार संपला आणि आम्ही ‘वंदे भारत’ मोहिमेच्या विमानानं परतलो.

आता मी पुण्यात शिकवते. जपानमधली मुलं शाळा झाडतात, ही गोष्ट इथे कौतुकानं सांगितली जाते. पण आपल्याकडे झाडू कुणाच्या हाती द्यायचा, हे शतकानुशतकं जातीनं आणि बाईपणानं ठरवलं आहे. ‘मुलांना सफाई करू द्या’ एवढंच म्हटलं, तर तो झाडू पुन्हा त्याच हातांत जातो: मुलींच्या, गरिबांच्या, ठरावीक वस्त्यांतल्या मुलांच्या. म्हणून आधी तक्ता हवा. त्यावर प्रत्येकाचं नाव हवं, शिक्षकांचं आणि मुख्याध्यापकांचंही, आणि तो दर आठवड्याला सगळ्यांदेखत पुढे सरकायला हवा. घरातही तसंच. बरोबरी मनात असून भागत नाही. मंगळवारी भांडी कुणी घासायची, हे लिहिलेलं असावं लागतं.