सोळा वर्षं झाली? मग बँडमधून सुट्टी!

समजा, तुम्ही एका गाजलेल्या बँडमध्ये गाताय. विमानतळावर चाहत्यांची झुंबड, घराघरांत भिंतीवर तुमचे फोटो. आणि सोळा वर्षं पूर्ण झाली रे झाली, की मॅनेजर म्हणतो, "झालं तुझं, आता घरी जा!"

पोर्टो रिको नावाच्या बेटावर असा बँड खरंच होता. त्याचं नाव मेनुडो. एडगार्दो डियाझ यांनी तो 1977 मध्ये काढला. गाणारी सगळी पोरं, गाणी स्पॅनिश. मुलगा मोठा झाला, त्याचा आवाज बदलला, की त्याच्या जागी नवा मुलगा यायचा. रिकी मार्टिन हे नाव ऐकलंय? तोही 1984 मध्ये, बाराव्या वर्षी, याच बँडमध्ये आला. त्याचा वाढदिवस 24 डिसेंबरला असतो, म्हणजे नाताळच्या अगदी आदल्या दिवशी!

आता आपल्या आनंदनगरच्या शाळेकडे या. डिसेंबर म्हणजे गॅदरिंगचा महिना. तालमीत आठवी-नववीतला एखादा दादा झकास सूर लावतो आणि मध्येच आवाज चिरकतो. सगळा वर्ग खिदळतो. पण बिचाऱ्याच्या गळ्यात काय चाललंय, ते तरी बघा.

गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि लांब 'आऽऽ' म्हणा. बोटांना झिणझिण लागली ना? तिथे स्वरयंत्र आहे. त्यात दोन इवल्याशा स्वरतंतूंच्या घड्या असतात. फुफ्फुसांतून येणारी हवा त्यांना थरथरवते. लहान मुलाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला अडीचशेहून जास्त वेळा थरथरतात. मोठ्या पुरुषाचे साधारण शंभर ते दीडशे वेळा. हे किती खालचं, ते ऐकायचं असेल तर रस्त्याकडेच्या विजेच्या डीपीचा 'गुंऽऽ' आठवा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून डीपीतला ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला 100 वेळा गुणगुणतो. बाबांचा आवाज जवळपास तिथलाच! (डीपी लांबूनच ऐकायची हं, जवळ जायचं नाही.)

मुलगा वयात येऊ लागला की शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. स्वरयंत्र मोठं होतं, गळ्यावर कंठमणी दिसू लागतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज उतरतो, पण थोडासाच, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. मुलांचे स्वरतंतू इतक्या झपाट्याने वाढतात की मेंदूला त्यांचा नवा ताण जमवायला वेळ लागतो. तोवर आवाज वर-खाली घसरतो.

मग अशा मुलाचं गाणं संपलं म्हणायचं का? मेनुडोचं उत्तर ठरलेलं होतं. आपल्याकडचं उत्तर ऐका. नारायण राजहंस नावाच्या लहान मुलाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटलं, असं सांगतात. 1905 मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत आला आणि शकुंतला झाला. वय 17! म्हणजे मेनुडोतला मुलगा घरी बसायच्या वयात बालगंधर्वांची कारकीर्द सुरू झाली, आणि पुढे कित्येक वर्षं सारा महाराष्ट्र त्यांच्या नायिकांच्या गाण्यावर लुब्ध होता. मला विचाराल तर मेनुडोची अट फार उतावळी होती.

तेव्हा तालमीत आवाज चिरकला तर ओरडून वरचा सूर पकडायला जाऊ नका, घसा दुखेल. घोटघोट पाणी प्या आणि पेटीवाल्या सरांना सांगा, "सर, पट्टी जरा खाली घ्या ना!"